थ्रॉटलमागची दोरी

साडूंच्या वर्षश्राद्धाला वरकुट्याला, त्यांच्या गावी गेलो होतो. पंगत उठली, माणसं मांडवात ताडपत्रीवर पानसुपारीला बसली आणि कुणीतरी ती गोष्ट काढलीच.

"तात्यानं गाठ मारली आन् लेकीचं इमान खाली आलं!"

सगळे हसले. श्राद्धालासुद्धा हसले. तात्या म्हणजे माझे साडूच. आमच्या नात्यागोत्यात ही गोष्ट नव्वदच्या दशकापासून चालत आली आहे. लग्नात निघते, बारशात निघते, कुणाची म्हैस दावं सोडून गेली तरी निघते. साडू होते तोवर तेही हसायचे, पण खाली मान घालून. लेकीला पायलट व्हायचं होतं, तिची परीक्षा होती आणि ऐनवेळी बापानं मारलेली दोरीची गाठ सुटली, अशी ती गोष्ट. त्या दिवसापासून त्यांना तसंच वाटत आलं आणि तसं वाटत असतानाच ते गेले.

गाठ सुटली नव्हती. मी सोडली होती. दिवसाढवळ्या, स्वतःच्या हातानं, ठरवून. ते का आणि कसं झालं, हे नीट सांगायला हवं.

मी मुंबईला एका विमान कंपनीच्या सिम्युलेटर विभागात होतो. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवर उभं असलेलं खोटं विमान. पायलट त्यात बसून खऱ्या विमानाचा सराव करतात, आणि ते बिघडलं की दुरुस्त करायला आम्ही. त्या कामानं मला एक सवय लावली. काही बंद पडलं की सगळ्यांवर संशय घ्यायचा. आधी तारेवर, मग स्विचवर, मग आत बसलेल्या पायलटवर आणि शेवटी आदल्या पाळीत काम केलेल्या आपल्याच माणसावर. कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही, स्वतः बघायचं. या सवयीमुळे मला कामात मान मिळाला. घरी बायको म्हणायची, "भाजीत मीठ जास्त झालं तरी तुम्ही आधी चौकशी लावता."

लवकर निवृत्ती घेऊन मी बारामतीजवळच्या कन्हेरीला घरी आलो. बारामतीत तेव्हा धावपट्टी होती, विमानाची हवा होती. एका द्राक्षबागायतदारांच्या डोक्यात आलं की आपल्या भागातली पोरं विमान शिकली पाहिजेत, पण खऱ्या विमानात बसवण्याआधी त्यांना कॉकपिट तरी कळलं पाहिजे. त्यांनी धावपट्टीच्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकली आणि मला बोलावलं. त्यांना आम्ही सगळे मालकच म्हणायचो. यंत्राचं काम माहीत असलेला माणूस हवा होता, म्हणून मी माझ्या साडूंना घेतलं. त्यांचं इंदापूरला मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या पंपाच्या मोटारी भरून द्यायच्या, विहिरीत उतरवायच्या, वर काढायच्या. दोन दिवस दुकान, बाकी आठवडा शेडवर, असं ठरलं.

आम्ही दोघांनी प्लायवूडचं कॉकपिट उभं केलं. खुर्च्या भंगारातल्या एसटीच्या. समोर कॉम्प्युटर, त्यात विमान चालवायचा प्रोग्रॅम, त्यात एक मोठं प्रवासी विमान. मधोमध इंजिनाचे दोन दांडे, म्हणजे थ्रॉटल. ते साडूंनी ट्रॅक्टरच्या जुन्या लिव्हरपासून केले. पुढे ढकलले की इंजिनाची ताकद वाढायची, मागे ओढले की कमी व्हायची. आतून ते रेडिओच्या आवाजाच्या खुंटीला जोडलेले होते आणि खुंटी कॉम्प्युटरला.

या दांड्यांवर एक बटण असतं. त्याला टोगा म्हणतात, टेक-ऑफ आणि गो-अराउंड या दोन्हीचं ते बटण. उड्डाण करताना पायलट लिव्हर हातानं अर्ध्यापर्यंत नेतो, दोन्ही इंजिनं सारखी चढली का बघतो आणि टोगा दाबतो. मग लिव्हर आपोआप पुढे सरकतात. त्याचा हात नुसता वर असतो. उतरताना धावपट्टी मोकळी नसली, काही बिनसलं, तर तेच बटण पुन्हा. इंजिनं पूर्ण ताकदीवर जातात, नाक वर घ्यायचं आणि फेरी मारून परत यायचं. त्याला गो-अराउंड म्हणतात. हाताखाली लिव्हर सरकताना जे जाणवतं, ते हाताला आधीपासून माहीत असावं लागतं, असं माझं म्हणणं. पण खऱ्या सिम्युलेटरमध्ये लिव्हर सरकवायला मोटर असते. आमच्याकडे ती नव्हती.

"मोटर कशापायी पायजे?" साडू म्हणाले. "मी वढतो की मागनं."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांनी खरंच केलं. लिव्हरच्या खालून नायलॉनची दोरी घेतली, दोन कप्प्यांवरून फिरवून प्लायवूडच्या मागे नेली. टोगाच्या जागी लुनाच्या हॉर्नचं बटण बसवलं. ते दाबलं की मागे लाल दिवा लागायचा. दिवा लागला की स्टुलावर बसलेले साडू दोरी ओढायचे आणि तिकडे पोरांच्या हाताखाली दोन्ही लिव्हर एकसारख्या गतीनं पुढे सरकायचे. पहिल्यांदा मी स्वतः बसून दाबून बघितलं तेव्हा अंगावर काटा आला. अगदी तसंच. मुंबईतल्या त्या महागड्या मशीनसारखंच.

"बघा साडूभाऊ," मागून आवाज आला, "रस्त्यावर ह्यो हॉर्न दाबला तर कोंबडं बी हलत न्हाय. हितं अख्खं इमान हलतं."

पोरं घाबरली की लिव्हर हातानं जोरात ढकलायची. दोरी आणि हात दोन्हीचा जोर एकदम बसला की खालची लाकडी पट्टी मोडायची. दोनदा मोडली, दोन्ही वेळा दिवस वाया गेला. मग मी नियमच केला. लिव्हरला जोर लावायचा नाही. बटण दाबा, हात वर ठेवा, लिव्हर आपोआप जातील. जो जोर लावेल त्याला बाहेर काढीन, असा दमही दिला. मुंबईत आम्ही पायलटला याच्या पुढचं एक वाक्य शिकवायचो: लिव्हर नाही गेले तर हातानं ढकला. ते वाक्य मी गाळलं. पट्टी वाचावी म्हणून. नंतर शिकवू म्हटलं आणि राहून गेलं.

शिकायला आलेल्यांत साडूंची मुलगी होती. माझी भाची. बारावी झालेली, हुशार, कमी बोलणारी. सकाळी बापाबरोबर एसटीनं यायची. दुसरा नाव काढण्यासारखा पोरगा कळस गावचा होता. त्याचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत फिरायचे. वडील दूध डेअरीत होते. तोही चांगला होता, शांत डोक्याचा. बाकीची पोरं हौसेनं यायची आणि कंटाळून जायची. ही दोघं टिकली.

मग एक दिवस मालकांनी जाहीर केलं की एका विद्यार्थ्याला पायलटच्या शिक्षणाला पाठवायचं, सगळा खर्च त्यांचा. परीक्षा आमच्याच शेडमध्ये, निकाल मी द्यायचा. सांगून झाल्यावर मालक माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत आले आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, "ती मुलगी तुमची भाचीच ना?"

"हो."

"नाही, असंच विचारलं."

ते असंच नव्हतं. निदान मला तसं वाटलं. तिथूनच सुरुवात झाली. भाचीला पाठवलं तर बारामती ते इंदापूर सगळे म्हणणार, साडूनं साडूचं काम केलं. मी निकाल द्यायच्या आधीच लोकांच्या तोंडची वाक्यं ऐकू लागलो. आणि ती ऐकता ऐकता माझी जुनी सवय जागी झाली. काहीतरी गडबड असणार. शोधली पाहिजे.

शोधणाऱ्याला सापडतं. कळसचा पोरगा टोगा दाबायचा, क्षणभर काहीच व्हायचं नाही आणि मग लिव्हर हलायचे. दिवा दिसून हात दोरीवर जाईपर्यंत तेवढा वेळ लागणारच. पण भाचीच्या वेळी लिव्हर बोटाखालीच उचलले जायचे. तिनं दाबलं की गेलेच. तिचा गो-अराउंड त्यामुळे इतका सुंदर दिसायचा की मालक दारात उभे राहून बघायचे. मी एक दिवस लक्ष ठेवलं. दोन दिवस ठेवलं. दर वेळी तसंच.

माझ्या मनानं हिशोब मांडला. बाप मागे, लेक पुढे, मधे प्लायवूडची भिंत. बाप लेकीसाठी आधीच ओढतो. कदाचित तिच्या हाताचंही काम तोच करतो. ती पायलट दिसते कारण मागे तिचा बाप आहे.

मी प्लायवूडच्या फटीपाशी उभा राहू लागलो. तिथून दिवा आणि साडूंचे हात दोन्ही दिसायचे. कळसच्या पोराच्या वेळी साडूंचे हात मांडीवर असायचे, तंबाखू मळत. दिवा लागला की दोरीवर जायचे. भाचीच्या वेळी दिवा लागायच्या आधीच हात दोरीवर गेलेले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मला आणखी काय हवं होतं?

तरी मी पुरावे गोळा करत राहिलो. एकदा बारामती स्टँडवर ती दोघं बाकावर बसलेली दिसली. ती समोरच्या गजावर अंगठा दाबून काहीतरी बोलत होती, तो मान डोलावत होता. मी जवळ गेलो तशी दोघं गप्प झाली.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काय न्हाय काका, तात्या इचारत्यात ह्या बटनाचं."

"तात्यांना काय करायचंय बटणाचं? त्यांनी दोरी बघावी."

साडू हसले. "दोरी तर बघतोच की. पर दोरीच्या पल्याड काय चाललंय ते कळाया नको?"

हे उत्तर मी मनात घोळवत घरी आलो. दोरीच्या पलीकडे काय चाललंय हे कळून त्यांना काय करायचं होतं? दुसऱ्या दिवशी मी आडून विचारलं, "तात्या, दिवा बघूनच ओढता ना?"

"मग काय डोळं झाकून वढतो व्हय? तुमचं आपलं कायतरीच."

सरळ विचारायला हवं होतं. मुलीच्या वेळी हात आधी का जातो, एवढं. मी विचारलं नाही. मुंबईत आम्ही बिघाडाला विचारत नसू, त्याला सापळा लावून पकडत असू. एखादी तार मुद्दाम काढून ठेवायची आणि काय बंद पडतं ते बघायचं. मी तेच केलं.

परीक्षेच्या दिवशी दुपारी सगळे लिंबाखाली डबा खायला बसले. साडूंच्या डब्यात मेहुणीनं दिलेली चवळीची उसळ होती. ते मला बोलावत होते. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी जरा वायरी तपासतो. शेडमध्ये गेलो. कॉकपिटच्या खाली हात घातला. दोरी लिव्हरच्या कडीला बांधलेली होती. ती गाठ मला माहीत होती. साडू विहिरीत मोटर सोडताना तीच मारायचे. भार आला की घट्ट होत जाते. ओढून सुटत नाही. फास उलट्या बाजूनं मागे ढकलला तरच ढिली पडते. मी तो ढकलला. गाठ सोडली आणि दोरीचं टोक कडीत नुसतं ओवून ठेवलं. बघणाऱ्याला बांधलेलं दिसावं असं.

माझा विचार असा होता. पोरगी खरी असेल तर लिव्हर आले नाहीत हे तिला कळेल, ती हातानं ढकलेल आणि विमान वर नेईल. बापाच्या भरवशावर असेल तर वाट बघत बसेल. सापळा मला अगदी चोख वाटला. ज्या पोरीला मी महिनोन्महिने लिव्हरला जोर लावू नको म्हणून दम देत होतो, तिनं आज जोर लावावा अशी माझी अपेक्षा होती. हे मला त्या वेळी दिसलंच नाही. मी तिच्याकडे बघतच नव्हतो. मी चोर बघत होतो.

हात धुऊन बाहेर आलो आणि उसळ खाल्ली.

पहिला नंबर भाचीचा होता. मालक बाजूला खुर्ची टाकून बसले, मी तिच्या मागे उभा राहिलो. उड्डाणाची परीक्षा सकाळीच घेऊन झाली होती. आता उतरायचं होतं. तिनं विमान छान खाली आणलं. वेग बरोबर, रेषा बरोबर. जमीन जवळ आली तेव्हा मी म्हटलं, "धावपट्टीवर गाडी आहे."

"गो-अराउंड!" ती मोठ्यानं म्हणाली आणि टोगा दाबला. नाक वर घेतलं.

मागे दोरी सर्रकन ओढल्याचा आवाज झाला, आणि मग काहीतरी हलकं जमिनीवर पडल्याचा. लिव्हर जागचे हलले नाहीत. तिचा तळवा त्यांच्यावर होता. तो तळवा वाट बघत होता. मला तिचं मनगट दिसत होतं, ते जराही ताठ झालं नाही. शिकवल्याप्रमाणे सैल. वेगाचा काटा खाली येऊ लागला. तिनं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा. मागून साडूंचा आवाज आला, "अगं थांब, थांब, दोरी..." आणि पडद्यावरचं विमान थरथरलं, शेपटीवर बसलं आणि चित्र गोठलं.

ती माझ्याकडे वळली.

"काका, लिव्हर आलेच नाहीत."

"ढकलायचे होते."

"जोर लावायचा नाही म्हणाला होतात तुम्हीच."

मालक माझ्याकडे बघत होते. त्या क्षणी मला सगळं कळलं. कळलं नाही असं लिहिलं तर हे सगळं लिहिण्याचा काही उपयोग नाही. माझ्याच नियमानं तिला बांधून मी तिला पळायला सांगितलं होतं. तेवढ्यात प्लायवूडच्या आडून साडू बाहेर आले. हातात दोरीचं मोकळं टोक.

"माझी गाठ सुटली, साहेब," ते मालकांना म्हणाले. "पोरीची काय चूक न्हाय. येकडाव पुन्ना घ्या तिची. हात जोडतो."

मालकांनी मला विचारलं, "काय करायचं?"

मी काय म्हणायला हवं होतं ते सोपं होतं. पण म्हटलं असतं तर दुसरा प्रश्न आला असता, गाठ सुटली कशी? आणि तिसरा, साहेब, तुम्ही जेवणाच्या वेळी आत कशाला गेला होता? संशयाची गाडी माझ्या दारात आली असती. शिवाय भाचीला दुसरी संधी दिली असती तर लोक काय म्हणाले असते, तेही होतंच.

"खऱ्या विमानात पुन्हा संधी नसते," मी म्हणालो. "नापास."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते खाली बसले, कॉकपिटखाली हात घातला आणि दोरी पुन्हा बांधू लागले. फास दोनदा निसटला. आता कळसच्या पोराची पाळी होती. मला अजूनही संशय होता, हे लिहिताना लाज वाटते. वाटलं, आता हा माणूस मुद्दाम दोरी उशिरा ओढणार. लेकीचं गेलं, तर दुसऱ्याचंही जाऊ दे. मी फटीपाशी जाऊन उभा राहिलो.

साडू स्टुलावर पुढे झुकून बसले होते. डोळे दिव्यावर, दोन्ही हात दोरीवर. तंबाखू नाही, काही नाही. दिवा लागला आणि त्यांनी ओढलं. इतकं एकसारखं, इतकं अलगद, की मी मुंबईतही तसं पाहिलं नव्हतं. पोरगा सुरेख वर गेला. पास झाला. साडू बाहेर आले, त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "नाव काढ, बाबा."

मी तिथंच बोललो असतो तरी चाललं असतं. नाही बोललो.

पोरगा पुढे खरोखरच पायलट झाला. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, तो लायक होताच. शेड थोड्या वर्षांत बंद पडली. भाचीनं बापाच्या दुकानात लक्ष घातलं आणि दुकान वाढवलं. आता इंदापुरात तिचा पंपाच्या स्टार्टरचा कारखाना आहे, हाताखाली माणसं आहेत. विमानाचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. मात्र घरात ते रोज निघायचं. मेहुणी तोंडाची फटकळ. गाईचं दावं सुटलं, पोतं सांडलं, कपड्याची दोरी तुटली की तिचं ठरलेलं, "बांधलं आसंल ह्यांनी!" पाहुणे हसायचे. तिथून ती गोष्ट गावोगाव गेली. मी त्या हसण्यात सामील झालो आहे. एकदा तर मीच ती सांगितली आहे, नव्या जावयाला.

म्हणून त्या दिवशी मांडवात पुन्हा हशा उठला तेव्हा मला बसवेना. उठून घराच्या मागे गेलो. भाची भांडी घासणाऱ्या बायकांना राख देत होती. तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं. सगळं. उभ्या उभ्या.

ती माझ्या चपलांकडे बघत म्हणाली, "माझ्यावर संशय होता की तात्यांवर?"

"दोघांवर. तू दाबायच्या आधीच त्यांचा हात दोरीवर जायचा. मी बघितलं होतं."

"जाणारच. मी आधी मोठ्यानं बोलायची, गो-अराउंड म्हणून, आणि मग दाबायची. बोलून दाबा असं तुम्हीच सांगितलं होतं. बाकीची पोरं लाजायची, तोंडातल्या तोंडात बोलायची. तात्या माझा आवाज ऐकून तयार बसायचे. एसटीत त्यांना तेच सांगायचे मी. कधी काय म्हणायचं असतं, मग काय होतं. त्यांना आवडायचं ऐकायला."

तिनं हाताची राख झटकली.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "माझं चाललंय चांगलं. आईला सांगा."

मेहुणी स्वयंपाकघरात उरलेल्या भाताचं पातेलं झाकत होती. मी तिला सांगू लागलो तशी ती आधी ऐकेचना. मग हात पुसत माझ्याकडे वळली, डोळे बारीक केले.

"दाजी, आत्ता का सांगताय? बरं न्हाय का तुमाला?"

"बरा आहे मी."

"मग काय पायजे? मेलेल्या मानसाचं समदेच चांगलं बोलत्यात. त्यांचं नाव राखाया म्हनून सोताच्या अंगावर घेताय व्हय? नगं. त्यांची गाठ सुटली, त्यांनीच मला सांगितलं. ह्या इथं बसून रडलं व्हतं."

"ती विहिरीतल्या मोटारीची गाठ होती."

पातेल्यावर पुन्हा ठेवायला घेतलेलं झाकण तिच्या हातातच राहिलं.

"मोटर सोडताना मारायचं ती?"

"तीच. मी फास मागं ढकलून सोडली."

ती चुलीपाशी खाली बसली. मी पाणी द्यायला वाकलो तर तिनं हातानंच नको म्हटलं. मग बोलली, पण माझ्याशी नव्हे.

"आख्ख्या तालुक्याच्या हिरीत मोटारी सोडल्या त्यांनी. येक पडली न्हाय. मला ठावं व्हतं की हे. आन् तरी मी म्हनत बसले." मग तिनं वर पाहिलं. "तुमाला येवढा वहीम व्हता तर इचारायचं व्हतंत त्यास्नी. खोटं बोलनारा मानूस व्हता का त्यो?"

"नाही."

"मग?"

मी म्हटलं, मी हे सगळं लिहून काढतो, सगळ्यांना वाचायला देतो.

"लिवा की. पर आदी भाईर चला. समदी बसल्यात. जितं हसलात, तितंच सांगायचं."

ती माझ्या पुढे चालू लागली. मांडवात माणसं अजून होती, कुणी तक्क्याला टेकून, कुणी सुपारी कातरत. मेहुणी मधोमध जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दाजींला कायतरी बोलायचंय." एवढंच. मी उभा राहून सांगितलं. जसं इथं लिहिलं आहे तसं, यापेक्षा वाईट शब्दांत, अडखळत. ज्यानं मघाशी गोष्ट काढली होती तो ताडपत्रीचा काठ दुमडत बसला होता. हसलं कुणीच नाही. दोघं-तिघं माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते, त्याच नजरेनं मी आयुष्यभर लोकांकडे बघत आलो आहे.

कोपऱ्यात साडूंचे थोरले चुलते बसले होते. नव्वदीचे, कानानं जड. शेजारच्यानं त्यांना मोठ्यानं समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली, थोडा विचार केला आणि मला विचारलं, "आरं, पर मग पोरगी पास व्हती का नापास?"

भाची मांडवाच्या तोंडाशी पाण्याची कळशी घेऊन उभी होती.

"पास," मी म्हणालो. "पास होती."